कॅमेऱ्यापुढचे हात

“पण हातच का, मास्तर?”

हेरंब उभ्यानेच विचारत होता. जाहिरातीची ऑडिशन देऊन तो तडक इथे आला होता. पुन्हा नापास होऊन.

दिगंबर मास्तर शेंगा सोलत बसले होते. नाटकातली कामं सुटल्यावर ते एखाद-दुसऱ्या नटाला शिकवत. तेही मनात आलं तर.

“नाव सांगा, उंची सांगा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. मग हात दाखवा. आधी पालथे, मग तळवे. पोलीस ठाण्यात यापेक्षा बरं वागवतात.”

“तुला बराच अनुभव दिसतो.”

हेरंब हसला नाही.

“माझा चेहरा त्यांना आवडतो. आवाज आवडतो. हात दाखवले की म्हणतात, ‘कळवतो.’ अख्खं नाटक मी एकट्याने पेललंय, मास्तर! आणि अडतोय कशावर, तर चहाचा कप धरण्यावर.”

“नखं कापतोस?”

“कापतो. क्रीम लावतो. आता काय हात बदलून आणू? उद्या आणखी एक बोलावणं आहे. तेही गेलं तर सोडलं सगळं. मेहुण्याच्या दुकानात बसेन.”

“दाखव.”

हेरंबने हात पुढे केले. पालथे... मग तळवे.

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“हात चांगले आहेत. तू कुठे बघतोयस?”

“कुठे म्हणजे... हातांकडे.”

“कॅमेरा समोर असतो.”

“नजर आपोआप खाली जाते.”

“आणि चेहरा पार उतरतो. जाहिरात चहाची, आणि तू असा, जसं घरात कुणी गेलंय.”

हेरंबने हात मागे घेतले.

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“...कोण?”

“आई. चैत्रात. इथे कुणाला सांगितलं नाही. सुतकी माणसाला हसरी कामं कोण देणार?”

तो खाली बसला.

“शेवटी तिला दिसत नव्हतं. आवाजही ओळखायची नाही. जवळ गेलो की माझे हात चाचपायची. आधी पालथे, मग तळवे. मग म्हणायची... ‘आलास?’”

मास्तरांनी टरफलं बाजूला सारली. नीट मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हं. आता दाखव.”

“डोळे मिटून कसं बघणार?”

“दाखव.”

हेरंबने हात पुढे केले. पालथे. मग त्याने हळूच तळवे वर केले. मास्तरांनी त्यांना हात लावला नाही.

त्याची नजर त्या मिटल्या डोळ्यांवरून हलली नाही. गालांवरून पाणी ओघळलं, तेही त्याने पुसलं नाही.

डोळे न उघडताच मास्तर म्हणाले,

“दिसले.”