पाचवा पडदा

“मला कधी ‘वा’ म्हणालात, चाचा?”

दस्तगीरचाचा नुकतेच जुम्म्याच्या नमाजहून आले होते. टोपी काढून ठेवून त्यांनी एका तंबोऱ्याची खुंटी हातात घेतली होती आणि तिला खडू चोळत होते. विश्वजितच्या प्रश्नाने त्यांचा हात थांबला नाही.

“का रं? काय झालं?”

“काल जिनेंद्रला म्हणालात. माझ्या तोंडासमोर. मला हितं येऊन एक तप झालं, चाचा... एकदा तरी म्हणालात?”

चाचांनी खुंटीवर फुंकर मारली.

विश्वजित इंगवले हा चाचांचा पहिला शिष्य. मिरजेत चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे होत आले. चाचांनी तरुणपणी ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी दुरुस्तीला घेतल्या तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. आता तेच भाऊबंद गिटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला चाचांच्या दाराशी आणून सोडतात. आणि चाचांचा हात थरथरायला लागल्यापासून यातलं निम्मं काम विश्वजितच करत होता. चाचांनंतर त्यांच्या बैठकीवर कोण बसणार, हे कुणी विचारलेलं नव्हतं. विश्वजितच्या लेखी ते ठरलेलंच होतं.

मग गेल्या दिवाळीत जिनेंद्र मगदूम आला. कालचं पोर.

दुकानाची एक रीत होती. काम झालं की वाद्य चाचांपुढे ठेवायचं. दाराजवळ खिळ्याला दोरीने चाचांचा चष्मा लटकलेला असे. चाचा म्हणायचे, “चष्मा दे.” मग वाद्य उलटसुलट बघायचे, आणि पसंत पडलं तर ते बाहेरच्या खुंटीवर जायचं. तिथून ते गिऱ्हाईक घेऊन जाई.

विश्वजितच्या कामाला मात्र चाचा चष्मा मागत नसत. त्याने सतार पुढे ठेवली की नुसती मान हलवून म्हणत, “लाव खुंटीला.” बघण्याच्याही लायकीचं नाही, असं विश्वजितला वाटे. ते तो मनात ठेवून देई.

आता हा बेस गिटार आला होता. इचलकरंजीच्या एका म्हाताऱ्या वादकाचा. जुन्या घाटाचा, मध्ये मधासारखा पिवळा आणि कडेला काळा होत गेलेला. मालकाचं म्हणणं एवढंच होतं, की रूप जुनंच राहू दे, पण आवाज साफ कर. वाजवला की आतून सारखी गुणगुण यायची. ते विजेचं काम चाचांनी जिनेंद्रला दिलं आणि दांडीचं काम विश्वजितला.

जिनेंद्रने तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपचं वेटोळं नव्याने गुंडाळलं. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. काल त्याने बेस चाचांपुढे ठेवला. चाचांनी चष्मा मागितला, एकेक डाग बघितला, मग ॲम्प्लिफायरला वायर जोडायला सांगितली.

गुणगुण गेली होती. दुकानात नुसती शांतता.

“वा!” चाचा म्हणाले.

इतक्या वर्षांत विश्वजितने हा शब्द कितीतरी जणांसाठी ऐकला होता, पण या पोरासाठी ऐकवेना. त्याला जिनेंद्रचा राग आला, चाचांचा आला, त्या तांब्याच्या पत्र्याचासुद्धा आला.

तेवढ्यात जिनेंद्रने तार दाबून वाजवली. पाचव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर, बारीक खरखर आली. आजवर ती गुणगुणीखाली झाकलेली होती. आता स्वच्छ ऐकू आली.

“दादा, हितं जरा खरखरतंय का हो?” जिनेंद्रने विचारलं. पोराने भाबडेपणाने विचारलं होतं. पण दांडी विश्वजितकडे होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

आज दुपारी चाचा नमाजला गेले, जिनेंद्र घरी जेवायला गेला. विश्वजितने कानस उचलली.

आणि चाचा परत आले तेव्हा बेसवर फडकं टाकून तोच आधी भांडायला उभा होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

“बेस आण,” चाचा म्हणाले.

“आधी माझं उत्तर...”

“आण तर.”

विश्वजितने फडकं काढलं आणि बेस आणून त्यांच्यापुढे ठेवला.

“खरखर गेली, चाचा.”

“वाजव.”

विश्वजितने तार दाबली आणि छेडली. खरखर नव्हती. पण सूरही नव्हता. उशीवर बुक्की मारावी तसा आवाज आला, आणि तिथल्या तिथेच विझला.

चाचांनी डोळे मिटले. अंगठा दांडीवरून वरून खाली नेला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, चुकलं तर सोडून सरकवता येतात. हे पडदे लाकडात ठोकलेले होते. घासला तो गेला.

“पहिल्यांदा खरखरला कुठला?”

“पाचवा.”

“मग घासलास कुठला?”

“सहावा. सहावा उंच होता, चाचा. तार त्याला लागत होती.”

“मग?”

“मग सातवा उंच झाला.”

“झाला?”

विश्वजित कानशीकडे बघत राहिला.

“मग आठवा उंच झाला,” चाचाच म्हणाले. “मग नववा. पार शेवटापतोर सगळेच उंच. व्हय?”

“...व्हय.”

“आता उंच कोण ऱ्हायलं?”

“कुणी न्हाई.”

चाचांनी पक्कड घेतली. पाचवा पडदा दोन्ही टोकांनी हळूहळू उचलून काढला आणि विश्वजितच्या तळहातावर ठेवला. “बोट फिरव.”

विश्वजितने फिरवलं. जाड तारेखाली पडद्याला खळगा पडला होता. मालकाने जन्मभर त्याच सुरावर बोट ठेवलं होतं. धातू झिजून खाली गेला होता; सहावा उंच नव्हताच.

नवशिक्या पोरालाही हे दिसलं असतं. विश्वजितला दिसलं नव्हतं, कारण त्याचं लक्ष पाचव्यावर नव्हतंच.

दारात चपला वाजल्या. जिनेंद्र जेवून परत आला होता. दोघांची तोंडं बघून तो पायरीवरच बसला.

विश्वजितला रडू यायला लागलं. ते दाबायला तो चिडला.

“चुकलं माझं. पण माझ्या विचारण्याचं काय, चाचा? हे आज चुकलं. आजवर तर चुकलं नव्हतं ना? इतक्या सतारी केल्या, इतक्या गिटारी केल्या... एकाही कामाला ‘वा’ न्हाई?”

“तुझं काम मी बघितलंय कुठं?”

“...एकदापण न्हाई?”

“न्हाई.”

विश्वजितला वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

“म्हणजे एवढं सगळं गेलं खुंटीवरनं... तुम्ही बघितलंच न्हाई?”

“चष्माच कुठं मागितला?” चाचा म्हणाले.

“का?”

चाचांनी तंबोऱ्याची खुंटी पुन्हा हातात घेतली. खडू शोधला.

“माझ्या हातचं तरी मी कुठं बघतो?”

...

विश्वजितने तळहातावरचा पडदा मुठीत घट्ट धरला. जे मागायला तो भांडत होता, त्याहून मोठं काहीतरी इतकी वर्षं त्याच्याजवळच होतं. ते कळलं, आणि त्याच क्षणी ते हातातून निसटल्याचंही कळलं.

मग त्याने दांडीवरचे सगळे पडदे काढले. खाचा साफ केल्या. पडद्यांची नवी तार आणली, वाकवली, कापली. पडदा ठोकताना दांडी दुसऱ्या कुणीतरी पक्की धरावी लागते, नाहीतर हातोडीचा घाव उसळतो. एकट्याने ते होत नाही. विश्वजितने दोनदा एकट्याने करून पाहिलं.

शेवटी पायरीकडे न बघता म्हणाला, “जिनेंद्र... धर जरा.”

जिनेंद्रने धरली. एक पडदा जरा तिरका बसत होता. जिनेंद्रला तो दिसला, पण सांगायचं धाडस होईना. विश्वजितनेच विचारलं, “सरळ हाय का रं?” पोराने मान हलवली, नाही. विश्वजितने तो काढून पुन्हा बसवला. मत्सर कुठं गेला नव्हता, आतल्या आत टोचतच होता. पण दांडी दुसऱ्याच्या हातात असताना त्याला हातोडी नीट मारावी लागत होती.

काही दिवसांनी बेस तयार झाला. तारा चढवल्या. पाचव्यावर वाजवला, सहाव्यावर, शेवटपर्यंत वाजवला. सूर भरून आला, आणि त्याच्याखाली जिनेंद्रने केलेली शांतता होती. दोन्हींतलं एक वेगळं काढून दाखवता आलं नसतं.

विश्वजितने बेस उचलला. चाचांपुढे क्षणभर धरला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सरळ बाहेरच्या खुंटीकडे वळला.

“थांब,” चाचा म्हणाले.

तो थांबला.

“चष्मा दे.”

विश्वजितने बेस चाचांपुढे ठेवला आणि तो दाराजवळ गेला. खिळ्यावरून दोरी काढली. त्याने चष्मा आणून चाचांच्या हातात दिला. आजवर हा चष्मा त्याने इतरांच्या कामासाठी कितीदा तरी दिला होता.

चाचांनी काचा पुसल्या. चष्मा लावला. बेस मांडीवर आडवा घेतला आणि दांडी उजेडाकडे केली. एकेक पडदा बघितला, घाई न करता. पाचव्यावर थांबले, मग पुढचे बघितले. कडा चाचपल्या. उलटा करून बघितला. जिनेंद्रही मान खाली घालून उभा होता.

मग चाचांनी चष्मा काढला. विश्वजितकडे बघितलं.

“वा, पोरा,” चाचा म्हणाले. “वा!”