कासवीचे माहेर

भाविकहो, गोदामाईच्या एका वळणावर नांदूरडोह नावाचे गाव आहे. सोमगीर महाराज काही वर्षे तिथे राहिले. महाराजांचे आसन डोहाकाठच्या वाळवंटात असे. त्या डोहात मऊ पाठीची कासवे राहत. पाठ तव्यासारखी चपटी, नाक निमुळते. उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसायचे आणि नाकाचा शेंडा तेवढा वर काढायचा, ही त्यांची रीत. महाराज त्यांना 'डोहाच्या लेकी' म्हणत.

गावचे रायाजीराव देशमुख भक्त होते, पण भक्तीपेक्षा त्यांना भक्तीचा डौल प्यारा! त्यांनी घाटावर देवळापुढे चिरेबंदी कुंड बांधले आणि विष्णूचे कूर्मरूप दाराशी हवे म्हणून डोहातली एक मोठी कासवी धरून त्यात सोडली. रोज कणकेचे गोळे, हळदकुंकू, वर आरती. कासवी मात्र गोळ्याला तोंड लावीना. ती चिऱ्यांवर पाय खरवडत राही आणि मान लांब करून नदीकडे बघे. कासवी नुसत्या नजरेने पिलांना पोसते असे आपण म्हणतो. पण तिच्याकडे मायेने कोण बघणार?

सगुणा भोईणीने बघितले. तिचे माहेर पैलतीरी होते. आई गेली, भाऊ गेला आणि तिला माहेरी न्यायला मुऱ्हाळी यायचा तो कायमचा थांबला. तरी सणासुदीला ती पैलतीराकडे डोळे लावून उभी राहायचीच. अशा बाईला दुसरीची तगमग सांगावी लागत नाही. ती रोज पदरातून ओली वाळू आणी आणि कुंडाच्या कोपऱ्यात टाकी.

एका सकाळी देशमुखांनी तिला गाठले. "अगं ए, देवाच्या कुंडात माती कालवतेस?"

"मालक, ती पोटुशी हाय. दगडात अंडी कुठं घालंल? बाळंतपणाला तरी तिला माहेरी जाऊ द्या."

देशमुख खो खो हसले. "ऐका! कासवीचं माहेर! मग न्यायला कोण येणार? नदी?"

वाळू उपसून फेकली गेली. सगुणेला कुंडाकडे फिरकायची बंदी झाली.

पुढे कासवीने मान वर काढणेही सोडले. सगुणेने लांबूनच ते पाहिले आणि धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. "म्हाराज, ती मरंल वो! अंडी पोटात घेऊन मरंल!"

महाराज तडक देशमुखांकडे गेले. "रायाजीराव, लेकीला सोडा."

"देवाला वाहिलेलं परत कसं घेऊ, महाराज? नदीच येऊन नेत असेल तर नेऊ दे."

"बरं," महाराज म्हणाले, "नदीला तसा निरोप देतो."

महाराज डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "माय, लेक वाट बघतेय. किती बघायला लावशील?"

दिवेलागणीला कुंडापाशी आरती सुरू झाली. फाल्गुनातले कोरडे आभाळ, नदीचे पाणी पार तळाला गेलेले. आणि काय सांगावे! पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागले. ना गढूळ, ना खळखळ. माणसे तबके सावरत मागे पळाली. पाणी कुंडाच्या काठावरून आत उतरले. कासवीने मान वर केली आणि ती सरसर निघून गेली. पाणीही तिच्यामागे उतरले.

सगुणा पदरात तोंड खुपसून रडू लागली. "हिला तरी न्यायला आलं कुणी!"

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाळवंटात पाण्यापासून वर आणि परत पाण्यापर्यंत कासवीच्या ओढत्या पायांचा माग उमटला होता. मध्ये वाळू खणून पुन्हा सारखी केलेली. महाराज आणि सगुणा तिथेच राखण करीत बसले होते. देशमुख अनवाणी, बोडक्या डोक्याने आले आणि महाराजांपुढे लोटांगण घालू लागले.

"थांबा!" महाराज घाईने म्हणाले. "तिथे नको. खाली लेकरं निजलीत."

जन्मात कुणापुढे मागे न सरलेले रायाजीराव चवड्यांवर हळूहळू मागे सरले. मग सगुणा बसली होती तिथे गेले आणि तिच्या पायांपाशी त्यांनी वाळूवर डोके टेकवले.