दिवसा बंद राहिलेली गिरणी

फार जुन्या काळची गोष्ट. त्या काळी वीज कुठून आली, असं ज्याला विचारायचं असेल त्याने विचारत बसावं. आपण पुढं जाऊ.

एका गावात सटवाजी नावाचा गिरणीवाला होता. गिरणी त्याची बायको तुळसा हिच्या बापाने दिलेली. घर त्या गिरणीवरच चाले. सटवाजीने छपरावर सौर पाट्या बसवल्या. दिवसभर उन्हावर गिरणी फिरे, आणि उरलेली वीज तारेतून राजाच्या वीजकंपनीला जाई. कंपनी युनिटला दोन पैसे देई. पहिल्या महिन्याचे पैसे हातात पडले आणि या माणसाचं डोकं फिरलं.

त्याने ठरवून टाकलं. दिवसा गिरणी बंद, पंखाही बंद. सगळी वीज विकायची. दळण दिवे लागल्यावर, कंपनीची वीज आठ पैशांनी घेऊन.

तुळसा म्हणाली, "अहो, दोनला विकून आठला घेताय. आणि दुपारच्या भाकरीचं पीठ बायका रात्री नेणार होय?"

"तुला व्यवहार कळत नाही. मीटर उलटा फिरतोय, तो बघ."

रोज मीटरसमोर खाट टाकून तो बसे. बायका आठ दिवस डबे घेऊन आल्या, तशाच परत गेल्या. मग शेजारच्या गावच्या गिरणीला जाऊ लागल्या. सटवाजीला उलट बरंच वाटलं. म्हणाला, आता रात्रीचीही वीज वाचली. असल्या माणसाला काय सांगणार?

वर्ष सरलं. राज्यात सगळ्यात जास्त वीज विकली म्हणून कंपनीचा मोठा साहेब शाल-नारळ घेऊन घरी आला. सटवाजीने शाल अंगावर घेऊन मिशांना पीळ दिला आणि साहेबांना गरम भाकरी वाढायला सांगितली.

तुळसा दारात आली. "पीठ नाही. आपलं दळणसुद्धा बायकांबरोबर शेजारच्या गावी पाठवलंय. साहेबांना जरा बसू द्या."

साहेबाने सटवाजीकडे बघितलं, गिरणीकडे बघितलं, आणि उशीर होतोय म्हणून निघाला.

सटवाजीने शाल अंगावर असतानाच गिरणी चालू केली. भर उन्हात ती फिरू लागली. बायका डोक्यावर डबे घेऊन दारावरून गेल्या. त्याने हाक मारली. एक म्हणाली, "आता तिकडची सवय झाली, भाऊजी." गिरणी रिकामीच फिरत राहिली, दगडावर दगड घासत. शेवटी तुळसाने येऊन बंद केली.

बोध सरळ आहे: घरचं काम भागवून राहील तेच उरलेलं, तेवढंच विकावं.