बिनजुवाची गाडी

सावरबोडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे या बांधावर, आंब्याच्या सावलीत, ही गाडी दिसते ना, तिला जू नाही. दांडी नाही, बैल बांधायला जागा नाही. दोन जाड भरीव चाकं, मधून एक आख आणि वर दोन आडव्या फळ्या, एवढीच गाडी. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि विचारतात, "आजी, ही अर्धवट का ठेवली?" मी सांगते, अर्धवट नाही जी, पुरी आहे. बसा, तुमची नाव चिखलात रुतलीच आहे, ती काही पळून जात नाही.

हसू नका दादा. तुमच्या त्या रंगीत नावेखालची गाडी मी मघाच पाहिली. चाकं कशी, पापडासारखी. सडकेवर धावत असतील. इथं पाळ उतरली की धानाच्या बांध्यांचा, खाचरांचा चिखल लागतो. मघा तुम्ही चिखलाला नावं ठेवत होते. नाचता येईना, अंगण वाकडं.

तं ऐका. फार जुनी गोष्ट आहे. माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितली, आणि तिला कोणी सांगितली ते तिलाच ठाऊक.

या गावात फागू नावाचा ढिवर होता. आम्ही ढिवर म्हणजे पाण्यावर जगणारी माणसं. जाळं आणि डोंगा, दोन्ही असले तं संसार. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली नाव. फागूकडे जाळं होतं, डोंगा नव्हता. दुसऱ्याच्या डोंग्यात बसून मासोळी मारायची आणि तो देईल तेवढी घरी आणायची. लग्न झालं त्या साली त्यानं पाळीवरच्या मायसमोर, तो शेंदराचा दगड आहे ना, तिथं नवस केला म्हणे. माय, माझ्या हातानं, माझ्या लाकडाचा डोंगा होईल, त्यावरून मी जाळं टाकीन, तेव्हाच मासोळी तोंडात घालीन. तोवर नाही.

ढिवराच्या पोरानं मासोळी सोडली! गावानं त्याची काय कमी थट्टा केली? त्याला भगतजी म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत मुद्दाम रश्शाची बादली त्याच्या समोरून न्यायचे. तो हसायचा आणि आंबाडीच्या भाजीशी भात खायचा. त्याची बायको सारजा. तिला कोणी नवस घातला नव्हता, पण तिनंही सोडली. मासोळी साफ करायची, वाटायची, दुसऱ्याच्या घरी रांधूनही द्यायची, आणि आपल्या ताटात घ्यायची नाही.

अशी कितीक वर्षं गेली. डोंग्याजोगं झाड मिळणं सोपं आहे का? शेवटी एका वाऱ्यावादळात जंगलातली मोठी सावर पडली. सावरीचं लाकूड हलकं, पाण्यावर फुलासारखं तरतं. दोन माणसांच्या कवेत मावू नये असं खोड. फागूनं ते गावापर्यंत आणलं, साल काढली, सावलीत ठेवून वर्षभर वाळवलं. ओलं कोरलं तं फाटते ना. वरून गेरूनं डोंग्याची रेघ मारली. रोवणी, धानाची लावणी, आटोपली की वाकस घेऊन कोरायला लागायचं, असं ठरलं. जाता-येता तो त्या खोडावर हात फिरवायचा, घरच्या वासरावर फिरवावा तसा.

रोवणीच्याच दिवसांत ते घडलं. पलीकडे नदी आहे, तिच्या पोटात एक बेट आहे, उंचवट्याचं. तिथं तेव्हा धान लावत. गावच्या बाया सकाळीच घोटाभर पाण्यातून रोवणीला तिकडे गेल्या होत्या. वर कुठं पाऊस कोसळला कोणास ठाऊक, दुपार व्हायच्या आत दोन्हीकडून पाणी चढलं. बाया बेटावरच्या एका मोहाच्या झाडाशी गोळा झाल्या. इकडून दिसत होत्या, हाका मारत होत्या. त्यांत गावच्या ढिवरांचा मुखिया सोनबा, त्याची सून होती. तिचं अंगावर पिणारं लेकरू इकडे घरी रडत होतं.

आता डोंगे कुठं? सगळे इथं, तलावात. पावसाळ्यात नदीवर डोंगा कोणी ठेवत नाही. तलाव आणि नदी यांच्यामध्ये पाऊण कोस धानाच्या बांध्या, गुडघाभर चिखल. सोनबाचा डोंगा सगळ्यांत मोठा. माणसांनी खांद्यावर घेतला, तं पाय असे रुतले की उपसता उपसेनात. खासर आणलं, बैल जुंपले. त्याची चाकं तुमच्या गाडीसारखीच, बारीक, लोखंडी धावेची. पहिल्याच बांधीत आखापर्यंत गेली आणि बैल पोटापर्यंत बसले. सोनबा चिखलातच उभा राहून रडायला लागला म्हणे.

फागू त्या रुतलेल्या चाकांकडे पाहत होता. चाक रुंद पाहिजे, हे त्याला दिसत होतं. आणि गावात तेवढं रुंद लाकूड कुठं आहे, हेही त्याला एकट्यालाच ठाऊक होतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पण मागायला कोणाची जीभ रेटेना. ज्याची जन्मभर थट्टा केली, त्याला कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तेव्हा सारजा पुढं आली. नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "मासोळी नाही खाल्ली तं माणूस मरत नाही. थ्या बाया मरतीन."

फागूनं करवत मागवली.

बुडाकडचं जाड खोड कापून दोन चाकं काढली. उरलं ते शेंड्याकडचं, बारीक. त्याचा डोंगा होणार नव्हता. आख कशाचा करायचा? सारजानं घरून धान कांडायचं मुसळ आणलं. तापल्या पहारीनं चाकांना भोकं पाडली, मुसळ आत घातलं, वर डोंगा ठेवला. पहिल्यांदा गाडी डोंग्याच्या नाकाशी लागली, तं शेपूट चिखलात घासलं. मागं घेतली, तं नाक रुतलं. मंग फागूनं डोंग्याच्या मध्यभाराची जागा पाहिली, एका हातानं दाबला की नाक खाली आणि सोडला की वर, तिथं आख आणला आणि जाळ्याच्या दोरांनी आवळून बांधला. बैल सोडून दिले. माणसांनीच ओढला. ती रुंद चाकं चिखलावरून अशी गेली की मागं नुसती पसरट वाट उमटली.

बाया कमरेएवढ्या पाण्यात होत्या. डोंग्याच्या खेपा झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या जणी काठाला लागल्या. एकही गेली नाही. सोनबाच्या सुनेनं घरी येऊन आधी लेकराला पदराखाली घेतलं, मंग ओलं लुगडं बदललं.

दुसऱ्या दिवशी सोनबा आपला डोंगा घेऊन फागूच्या दारात आला. म्हणाला, "हा तुझा." फागूनं हात जोडले. "दादा, माझ्या लाकडाचा, माझ्या हातचा, असं बोललो आहे. तुमच्या डोंग्यातली मासोळी मी मायला काय म्हणून दाखवू?" आता काय करावं? तेवढी सावर पुन्हा जंगलात कोणाला गवसली नाही. गावाला अन्न गोड लागेना. थट्टा करणारे मान खाली घालून जायला लागले. उपकार करणाऱ्याला काही देता येत नाही, यासारखं ओझं नाही बाप्पा.

पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकाचे लाकडी बैल सजवून ओढतात. त्या बायांनी म्हटलं, आपण आपली गाडी सजवू. धुवायला म्हणून तलावात ढकलली, तं हातातून सुटली आणि तरंगायला लागली. सावरीचं लाकूड ते! आधी बाया खदखदा हसल्या. मंग एकीनं ती हातानं पाण्यात दाबून पाहिली, तं पुन्हा वर आली. सोनबाची सून ओल्या लुगड्यानिशी पळत फागूच्या घरी गेली.

"भाऊजी, तुमचं लाकूड आहे ना?"

"आहे."

"तुमच्याच हातानं कापलं ना?"

"हो."

"पाण्यावर तरते. आता त्याला डोंगा नाही म्हणायचं तं काय म्हणायचं?"

फागूला पाळीवर आणलं. दोन फळ्या टाकून गाडीवर बसवलं. पहिल्यांदा कलंडला आणि धपकन पाण्यात पडला. सारं गाव हसलं, तोही हसला. पुन्हा बसला. मायकडे पाहून हात जोडले आणि जाळं टाकलं. आली किती? बोटभर एक डाडक मासोळी. तेवढीच.

सारजानं तिथंच पाळीवर तीन दगडांची चूल मांडली. कोणाच्या घरून तेल आलं, कोणाच्या घरून वाटलेला मसाला. त्या एवढ्याशा मासोळीची अर्धी त्यानं तिला भरवली, अर्धी तिनं त्याला. काट्यासकट खाल्ली म्हणे. आणि त्या दिवशी तोवर गावातल्या एकाही चुलीवर मासोळी चढली नव्हती. कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणाला चढवावीशीच वाटली नाही.

ही चाकं तीच नाहीत जी. लाकूड ते, सडते. पण दरवेळी सावरीचीच करतात, तेवढ्याच मापाची, आणि आख कोणत्या तरी घरचं मुसळ असते. आजही तान्ह्या पोळ्याला ही गाडी पाण्यात ढकलतात. तिच्यावर बसवतात कोणाला? ज्याच्याकडे स्वतःचा डोंगा नाही, त्याला. घरोघरी मसाला वाटून तयार असतो, भात निवत असतो, आणि सारं गाव पाळीवर उभं राहून त्याच्या जाळ्याकडे पाहते. त्याला मासोळी लागली, त्यानं पहिला घास खाल्ला, की मंग बाकीच्या चुली पेटतात.

माझे मालक वारले, त्यांच्या मागं आमचा डोंगाही फुटला. गेल्या साली मला बसवलं. या वयात मी काय जाळं टाकणार? दोनदा टाकलं, रिकामं आलं. वाटलं, आपल्यापायी गाव उपाशी राहते. पण पाळीवरून कोणी हललं नाही. ऊन डोक्यावर आलं तरी सगळे उभे होते, लहान लेकरंसुद्धा. तिसऱ्यांदा डाडक लागली आणि मला रडू आलं. पोटभर रडले मी त्या गाडीवर बसून.

उठा आता. आणा तुमची नाव, चढवा हिच्यावर. नाकाशी नाही, शेपटाशी नाही, मधोमध ठेवा आणि दोर आवळून घ्या. मी या बाजूनं हात लावते.