सारंगबेटाच्या शेवटच्या होडीची हाक

सारंगबेटाचं जुनं शहर पाहायला एक दिवस पुरत नाही. पांढरं चर्च, गंजलेल्या तोफा, चहूकडे खारं पाणी असताना गोडं पाणी देणारी विहीर, बाजारातली कोकमाची दुकानं. संध्याकाळी पाहुणे पाय ओढत धक्क्यावर येतात, शेवटच्या होडीत बसतात, आणि होडी काही सुटत नाही. होडी हाकणारा तांडेल शहराच्या दरवाज्याकडे तोंड करून हाका मारत राहतो. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली की धक्क्यावरचं कोणी म्हातारं माणूस ही गोष्ट सांगायला घेतं, आणि घेतली की पुरी करूनच सोडतं.

फार पूर्वी या शहरात भागी नावाची सुईण होती, असे सांगतात. अर्धं शहर तिच्या हातावर जन्मलेलं, म्हणून लहानथोर सगळे तिला भागीआये म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा रवळू तांडेल होता. एका सकाळी चाच्यांची गलबतं येत असल्याची वर्दी आली. शहर राखणारी शिबंदी नेमकी बाहेर गेलेली. शहर रिकामं करण्यावाचून इलाज नव्हता. हाताला लागेल ते उचलून माणसं होड्यांत चढली.

पलीकडच्या किनाऱ्यावर दुपारी पेज शिजली. पहिली वाटी रीतीप्रमाणे भागीआयेला द्यायची, म्हणून तिला शोधू लागले, तर ती कुठेच नाही. प्रत्येकाला वाटलं होतं, ती दुसऱ्या कोणाच्या होडीत असेल. रवळूलाही तसंच वाटलं होतं. पोटच्या पोराला असं वाटावं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. लोक अडवत असताना त्याने होडी पाण्यात लोटली. आईला आणीन, नाहीतर या होडीला पुन्हा शीड लावणार नाही, असं म्हणे त्याने समुद्राला सांगितलं.

भागीआये धक्क्याच्या पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. रागावलेली मुळीच नव्हती. रवळूलाच रडू फुटलं. पश्चिमेला गलबतांची शिडं दिसू लागली होती. त्याने हात पुढे केला, पण ती उठेना.

"माका इसारले, तर आणखी कोणाकतरी इसारले असतीत," ती म्हणाली. "आदी हाक मार."

हाक मारली तर चाच्यांना ऐकू जाईल, दोघंही सापडू, असं रवळूने परोपरीने सांगितलं.

"मगे बारीक मार. पण मार."

म्हातारीच्या हट्टापुढे कोणाचं काय चालणार! पहिली हाक रवळूने जवळजवळ पुटपुटलीच. ती मान हलवून बसून राहिली. दुसरी जरा मोठी झाली. तिसरी मात्र, कोणी मागे राहिलंय का म्हणून, त्याने वैतागून बेंबीच्या देठापासून मारली, "कोण रवलो काऽऽय?" आणि धक्क्याजवळच्या धर्मशाळेतून तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

आत तापाने फणफणलेला एक परदेशी खलाशी पडला होता. त्याचं जहाज त्याला टाकून गेलेलं. त्याची भाषा कोणाला येत नव्हती, नावही कोणाला ठाऊक नव्हतं. भागीआये सगळ्यांची म्हणून मागे राहिली होती, आणि हा कोणाचाच नव्हता म्हणून. रवळूने त्याला पाठुंगळीला मारून होडीत आणलं. म्हातारीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मगच दोर सोडू दिला. तटावर घुमलेली ती हाक ऐकून शहरात फौज असल्याचं चाच्यांना वाटलं आणि ते जागीच थबकले, असेही सांगतात. यावर पाहुणे हसतात. सांगणारे हसत नाहीत.

आजही शेवटची होडी तीन हाकांशिवाय सुटत नाही. तिसऱ्या हाकेनंतर तांडेल थोडा वेळ कान देऊन उभा राहतो, आणि होडीतले सगळे गप्प होतात. आपापली माणसं प्रत्येकाने केव्हाच पाहून घेतलेली असतात. त्या शांततेत माणसं आठवू लागतात, की सकाळी येताना कोपऱ्यात एकटंच बसलेलं ते कोण होतं, आणि ते आलंय का.