कवडीचे मिटलेले डोळे

आज राजा नको. राजाची गोष्ट काल झाली, परवा झाली, त्याला जरा झोपू दे बिचाऱ्याला. आज कोंबडीची गोष्ट. हसतोस काय रे शेंबड्या? ऐकायची तर ऐक, नाहीतर भिंतीकडे तोंड करून नीज.

तर एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी कोंडाबाई नावाची एक बाई राहायची. एकटीच. ना मूल ना बाळ. तिच्या तीन कोंबड्या होत्या. दोघी होत्या भटक्या, रात्री अंगणातल्या आंब्यावर जाऊन झोपायच्या. तिसरी कवडी. पांढरीशुभ्र, अंगावर तपकिरी ठिपके. ही कोंडाबाईची लाडकी. कोंडाबाई चुलीपाशी बसली की कवडी तिच्या पदरावर येऊन बसायची, आणि कोंडाबाई तिला दिवसभराचं सगळं सांगायची. दुसरं कोण होतं ऐकायला?

थंडी पडली तशी कोंडाबाईने कवडीसाठी खुराडं केलं. खाली पेंढा घातला. तो ओला झाला की वरून नवा पेंढा टाकायची, खालचा तसाच. गारठा लागू नये म्हणून.

मग एक दिवस कवडीच्या डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी फेस आला. मग पापणी सुजली, चिकटली, आणि तो डोळा मिटलाच.

कोंडाबाई म्हणाली, "बाई बाई, दृष्ट लागली माझ्या सोन्याला!" तिने काय केलं, मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळल्या आणि खुराड्याच्या तोंडाशीच निखाऱ्यावर टाकल्या. कोंबडीला ठसका, कोंडाबाईला ठसका, आंब्यावरच्या दोघी ओरडत पळाल्या. आणि कवडीचा दुसरा डोळा लाल झाला.

मग कोंडाबाईने काजळ घातलं. होय, कोंबडीला काजळ! बाळांना घालतात म्हणून. सगळं चिकटून बसलं नि दुसरा डोळाही मिटला.

मग तिला वाटलं, वारा बाधला असेल. म्हणून तिने शेण कालवलं आणि खुराड्याची एकूण एक फट लिंपून टाकली. दारावर दुहेरी पोतं. वाऱ्याची झुळूक आत जाईल तर शपथ!

आता कवडीला दाणा दिसेना. चोच मारायची ती मातीतच. अंग कसं हलकं हलकं झालं. शेजारची हौसाबाई म्हणाली, "कोंडे, आंधळी कोंबडी जगायची नाही. उपाशी मरायच्या आत रस्सा कर. भाकऱ्या मी आणते."

"माझ्या लेकीचा रस्सा? जीभ झडो तुझी!" कोंडाबाई म्हणाली. पण हौसाबाई गेली तशी ती खुराड्यापाशी मटकन बसली आणि रडायला लागली. "कवडे, तू गेलीस तर मी बोलू कुणाशी गं?"

आणि बरं का, कवडी बोलली. माणसासारखी! म्हणाली, "आई, आज माझ्या घरी ये. माझ्या पंखाखाली डोकं घाल."

कोंडाबाईने पंखाखाली डोकं घातलं, तर काय आश्चर्य, ती झाली पिल्लाएवढी! कशी काय विचारू नकोस, मी काय तिथे होते? मग कवडीने तिला चाचपत चाचपत खुराड्यात नेलं.

आत गेली मात्र, कोंडाबाईचं नाक झणझणलं. डोळ्यांत कुणी चुना घातल्यासारखी आग. खालचा पेंढा कुजलेला, घाणीचा दर्प कोंडलेला, आणि बाहेर जायला एक फट नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, इथे निजतेस तू?"

"तू केलंस ना माझ्यासाठी," कवडी म्हणाली. "मग मी निजते."

कोंडाबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "मीच गं, मीच केलं हे!" ओरडत ती बाहेर धावली, आणि बाहेर येताच होती तेवढी झाली.

मग काय! पदर खोचला, पोतं फेकलं, फटी मोकळ्या केल्या. सगळा पेंढा उकिरड्यावर. कोरडं भूस पसरलं. पाणी उकळलं, चिमूटभर मीठ घातलं, कोमट झालं तसं मऊ फडक्याने कवडीचे डोळे भिजवत बसली. ओढायचं नाही हं, भिजवायचं, म्हणजे खपली आपोआप सुटते. मग गुरांच्या डॉक्टरांकडून मलम आणलं. हो, गोष्टीतही डॉक्टर असतो, गप्प बस. कवडीला उन्हात वेगळ्या टोपलीत ठेवलं, तिच्या चोचीपाशी भिजवलेली कणी नि पाण्याची वाटी धरली. रोज धुवायचं, रोज मलम, रोज भरवायचं. कोंडाबाई कंटाळली नाही.

आणि मग एका सकाळी एक पापणी हलली. जराशी उघडली. मग पूर्ण उघडली. दुसरा डोळा धूसरच राहिला, तो काही सुधारला नाही. पण एक डोळा लख्ख उघडला. कवडीने मान तिरकी केली आणि त्या एका डोळ्याने कोंडाबाईकडे पाहिलं. पाहतच राहिली.

कोंडाबाई म्हणाली, "दिसते का गं मी? बोल की!"

कवडीने नुसतं कुक् केलं आणि टोपलीतून उतरून पदरावर जाऊन बसली. आणि कोंडाबाईलाच काही दिसेना, एवढे डोळे भरून आले तिचे.

पुढे दोघी पुष्कळ वर्षं सुखाने राहिल्या. झाली गोष्ट. आता निजा बरं. आणि तू, ते पांघरूण तोंडावरून काढ. पायांवर घे. हं, अस्सं. घे मोकळा श्वास, माझ्या सोन्या.