जवळ बसणारा सोनबा

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी सोनबाला एक इंग्रजी शब्द मिळाला आणि घराची वाट लागली.

पिंपळदरी गावात सोनबा नावाचा एक भोळा बाप होता. बायको कावेरी. पोरगी आठ महिन्यांची. कावेरीला शिवणवर्गाला जायचं होतं, पण पोरगी याच्यावर सोपवायला जीव धजेना.

"अहो, आधी लक्ष द्यायला शिका!"

सोनबा शिकायला हुद्दार मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणाले, "इंग्रजीत शब्द आहे, असिड्युअस. म्हणजे नेटानं लक्ष देणारा. आला लॅटिनमधून. मुळात अर्थ, जवळ बसणारा."

"एवढंच? बसायला तर मला येतंच!"

घरी येऊन तो दुधाजवळ बसला. दूध वर आलं, उतू गेलं.

"अहो, जवळ होतात ना?"

"हललोसुद्धा नाही."

"वर येताना दिसलं की पाण्याचा हबका मारायचा!"

"बरं."

मंगळवारी तो बाजेवरच्या पापडांजवळ बसला. कोंबडी बाजेवर चढली. वर आली म्हणून यानं तांब्याभर पाणी मारलं. कोंबडी कोरडीच पळाली. पापडांचा लगदा झाला.

"अहो, कुणी आलं तर काठी घेऊन हाकलायचं!"

"बरं."

बुधवारी पोरीला लस द्यायला नर्सबाई आल्या. सोनबानं त्यांना ओढ्यापर्यंत हाकललं. एक चप्पल अजून तिथंच आहे.

कावेरीनं कपाळ बडवलं. "अहो, दारात बाई आली तर आत बोलवायचं, पोर हातात द्यायचं!"

"बरं."

गुरुवारी कावेरीला जावंच लागलं. "पाळण्याजवळून हलू नका," असं तिनं दहादा बजावलं. वर्गात सुई तीनदा बोटात गेली. शेवटी शिवण टाकून ती धावत घरी आली.

ओट्यावर बोहारीण बसली होती. शेजारी भांड्यांची पाटी, मांडीवर पोरगी.

"आलीस बाई एकदाची! तुझ्या नवऱ्यानं आत बोलावून ही हातात दिली. मी म्हटलं, दादा, मी जुनी लुगडी घेते, लेकरं नाही. ऐकतोय कुठं! हिला टाकून जाऊ कशी?"

कावेरीनं पोरीला छातीशी धरलं. आत गेली. सोनबा पाळण्याजवळ बसून झोका देत होता. पाळणा रिकामा. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच झोपलाय."

"कोण?"

"पाळणा."

तर बायांनो, हा शब्द पुढं सांगा. शेजारणीला सांगा, जावेला सांगा. नवऱ्यांना मात्र सांगू नका. ते आधीच बसलेले असतात.